शेवटच्या दिवसाचं गिऱ्हाईक

काशिनाथने सकाळी कधी भाजी घेतली नाही. शहापूरच्या बाजारात तो संध्याकाळी जायचा, विकणाऱ्या बायका पाट्या उचलायला लागल्या की. तोवर टोमॅटो दबलेले असायचे आणि मेथी पिवळी पडलेली. पण भाव उतरलेला असायचा. त्याची बायको द्वारका ती मेथी निवडत ओट्यावर बसायची आणि निम्मी उकिरड्यावर टाकायची. मग ही मेथी स्वस्त कशी पडली, असं मी त्याला एकदा विचारलं.

"वहिनी, टाकली ती द्वारकाने," तो म्हणाला. "मी घेतली तवा सगळी होती."

सापगावच्या पुढे आमचं गाव. त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक करवंदीचं कुंपण, तेही जागोजागी मोडलेलं. तो माझ्या नवऱ्यापेक्षा लहान, म्हणून मी त्याची वहिनी. त्याला जाऊन आता वर्ष होईल. चांगला होता, असं लोक म्हणतात. गेलेल्या सगळ्यांनाच तसं म्हणतात. तो चांगला होता की नाही हे मला सांगता येणार नाही. तो काशिनाथ होता.

धंदा बैलांच्या दलालीचा. म्हणजे विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे, आणि मध्ये हा, खांद्यावर टॉवेल टाकून. दोघांचा भाव उघड बोलला जात नाही. टॉवेलाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. पटलं नाही की हात काढून घ्यायचा. पटलं की समोरच्याचा हात दाबायचा. हात दाबला की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. आसपासच्या दहा माणसांना काही कळत नाही. मला या धंद्यातलं एवढंच आवडायचं. गप्प बसून होणारा दुसरा धंदा मी पाहिलेला नाही.

पौषात म्हसाची जत्रा भरते. तिथे बैलांचा मोठा बाजार. काशिनाथ पहिल्या दिवसापासून तिथे असायचा, पण स्वतःसाठी काही घ्यायचं झालं तर शेवटच्या दिवसाची संध्याकाळ धरायचा. घाटावरून आलेला शेतकरी तोवर दमलेला असतो, चारा संपलेला असतो, आणि बैल परत घाट चढवून न्यायचं त्याच्या जिवावर येतं.

"परत न्यायची पाळी आली का जनावर हलका होतो," असं तो म्हणायचा. दिवसातून दोनदा तरी म्हणायचा.

आमचा बैलसुद्धा त्यानेच असा शेवटच्या दिवशी घेऊन दिला. स्वस्त मिळाला. तो बैल नांगरता नांगरता मध्येच खाली बसायचा. शेवटच्या दिवसापर्यंत उरलेला बैल का उरला, हे आम्ही विचारायला हवं होतं. माझा नवरा काशिनाथला बांधावर घेऊन आला आणि बसलेला बैल दाखवला. काशिनाथने पाहिलं आणि म्हणाला, "बसतो. पण उठतो कसा झटकन, ते बघ ना दादा."

मात्र एक सांगायला हवं. बैल बसतो हे त्याला ठाऊक असतं तर त्याने आधी सांगितलं असतं. भाव पाडायला तो कमी करायचा नाही, पण जनावराबद्दल खोटं बोलायचा नाही. बाजारात शिंगांना तेल लावतात, अंगावरचे डाग काळे करतात, वय चोरतात. हा तसल्या माणसांच्या शेजारी बसून जेवायचाही नाही. एकदा त्याने किन्हवलीकडच्या एका माणसाला फोनवर सांगितलं, तांबडा बैल आहे. दारात नेऊन उभा केला तर उन्हात तो करडा दिसला. त्या माणसाची काही तक्रार नव्हती. तांबडा असो की करडा, त्याला नांगराला हवा होता. काशिनाथने बैल परत आणला, स्वतःच्या खर्चाने, आणि आठ दिवस फिरून तांबडा शोधून दिला.

"तोंडातला रंग नि जनावराचा रंग एक पायजे," तो म्हणाला. द्वारका त्या आठ दिवसांत त्याच्याशी बोलत नव्हती.

द्वारकाचं आणखी एक जुनं दुखणं होतं. काशिनाथने लग्नाचा मुहूर्तसुद्धा शेवटचा धरला होता. आषाढ तोंडावर आला होता. वाजंत्रीवाले रिकामे, आचारी रिकामा, मांडववाला म्हणाला काय द्यायचं ते द्या. सगळं निम्म्यात झालं. मांडवात घोट्याएवढा चिखल होता आणि नवरीच्या शालूला खालून वीतभर काठ उरला नव्हता. ती हे दरवर्षी आषाढात सांगायची. तो म्हणायचा, "पण नवरी तर चांगली मिळाली ना?" आणि ती म्हणायची, "मी काय उरले होते का हो बाजारात?"

पुढे नवा महामार्ग आला. आमच्या बाजूच्या बऱ्याच जणांच्या जमिनी त्यात गेल्या, त्याचे पैसे आले, आणि पंधरा दिवसांत गावात गाड्या आल्या. गाडी उभी करायला जागा नाही म्हणून एकाने गोठा पाडला. काशिनाथची जमीनही गेली होती. तोही गाडी घेणार होता. त्याने शहापूरला जाऊन गाडी शिकून घेतली, पावसाळ्यात, कारण तेव्हा शिकणारे कमी असतात. लायसन आलं. ते त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवलं.

पण गाडी आता घ्यायची नाही, असं तो म्हणाला. सगळे घेतात तेव्हा घ्यायची नसते.

यानंतर नऊ वर्षं गेली.

त्याचं गणित मला पाठ झालं होतं. दिवाळीत घ्यायची नाही, तेव्हा गर्दी. वर्ष संपताना घ्यावी तर जानेवारी लागताच गाडी एका दाताने म्हातारी होते. जानेवारीत म्हसाची जत्रा. मग मार्चअखेर चांगली, कंपनीला हिशेब संपवायचे असतात, पण लग्नसराई तोंडावर, म्हणून भाव उतरत नाही. पावसाळ्यात नवी गाडी चिखलात कोण घालतो? मध्येच विजेच्या गाड्या निघाल्याचं त्याने ऐकलं आणि दोन वर्षं त्यांचा भाव उतरायची वाट पाहिली. आमच्या गावात तेव्हा दिवसातून चार तास वीज नसायची.

सगळं घासून पुसून त्याच्या हाती एकच टाइम उरला, भाद्रपदातला पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत कोणी नवी वस्तू घेत नाही. शोरूममध्ये गाड्या उभ्या राहतात, विकणाऱ्यांना हप्ते असतात. म्हणजे म्हसाचा शेवटचा दिवसच, पण पंधरा दिवस चालणारा.

द्वारकाने सांगितलं, "पितरांत आणलेल्या गाडीत मी पाय ठेवणार नाय. लग्न चिखलात झाला, आता गाडी पितरांत. मला काय माणसात धरता का नाय?"

म्हणून तो पितृपक्षात घ्यायला निघाला की ती अडवायची. दसऱ्याला तिची तयारी असायची, तेव्हा याला भाव चढा दिसायचा. या दोघांच्या मध्ये गाडी नऊ वर्षं अडकली.

गाडी खरं म्हणजे द्वारकालाच हवी होती. तिचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढताना तिला दोन माणसं लागायची, एक वरून ओढायला आणि एक खालून ढकलायला. तिचं माहेर म्हसाच्या पलीकडे, एसटी बदलून जायचं, आणि पुढे मैलभर चालायचं. तिथे तिची आई होती, भागाआय, नव्वदीची. शेवटची गेली तेव्हा द्वारका आईला बोलून आली, "आता येईन ती आमच्याच गाडीत येईन. लाल गाडी घेतोय." भागाआयने ते सगळ्या गावाला सांगितलं, आणि गाडीसमोर फोडायला एक नारळ आणून फळीवर ठेवला.

त्यानंतर तीन वर्षं द्वारका माहेरी गेली नाही. फोन व्हायचा. माझ्यासमोर कितीदा झाला. म्हातारी ओरडून बोलायची, मला कुंपणापलीकडे ऐकू यायचं.

"गाडी कवा येते गो?"

"येते गो आय. भाव उतरतोय."

"नारळ वाजायला लागला. पाणी आटला त्यातला."

मी द्वारकाला सांगितलं, भाड्याची गाडी कर आणि जाऊन ये. आई आहे तोवर जा. ती म्हणाली, सगळ्या गावाला सांगून ठेवलंय, आता भाड्याच्या गाडीतून कशी उतरू? काशिनाथला सांगितलं तर तो म्हणाला, दोन महिन्यांत आपली येतेय, भाडं कशाला घालवायचं. दोघेही मूर्ख होते. मी हे तेव्हाही म्हटलं होतं, त्यामुळे आता म्हणायला हरकत नाही.

एकदा मात्र तो गाडी घेण्याच्या अगदी जवळ आला होता. महिन्याचा शेवटचा दिवस, दुकान बंद व्हायची वेळ साधून आम्ही तिघं कल्याणला शोरूममध्ये गेलो. मी चौथी शिकलेली, कागद वाचायला म्हणून मला नेलं. आत पंखे नव्हते, पण गार होतं. एक टाय लावलेला माणूस आला. काशिनाथने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो लाल गाडीभोवती तीन वेळा फिरला. चाकांवर थाप मारली. बॉनेट उघडायला लावून आत बराच वेळ पाहिलं, जसं दात बघतात तसं. मग म्हणाला, "चालवून दाखवा. लांबून. मला चाल बघायची हाय."

टायवाल्याने गाडी बाहेर काढून रस्त्यावर इकडून तिकडे चालवली. काशिनाथ खाली उकिडवा बसून चाकं बघत राहिला. जाणारे येणारे थांबले. द्वारकाने पदर तोंडावर घेतला.

मग भाव. टायवाल्याने छापील कागद दिला, काशिनाथने तो न बघता माझ्या हातात दिला. खांद्यावरचा टॉवेल काढला, टायवाल्याच्या हातावर टाकला, आणि खाली हात घालून त्याची चार बोटं धरली. एवढे कमी कर, असं.

टायवाला बिचारा शिकलेला. त्याला वाटलं ही आमच्याकडची काही रीत असेल. त्याने दुसरा हातही टॉवेलाखाली घातला आणि काशिनाथचा हात दोन्ही हातांनी चांगला दाबून हलवला. "थँक यू काका," म्हणाला.

काशिनाथ तिथून निघाला तो आसनगाव येईपर्यंत बोटं मोजत होता. मग म्हणाला, "एका शब्दात उतरला. दोन्ही हातांनी दाबला. मी अजून एक बोट धरायला पायजे होता."

गावात सगळ्यांना कळलं. द्वारकाने माहेरी फोन केला. भागाआयने नारळ खाली काढला. दोन दिवसांनी काशिनाथ पैसे घेऊन गेला आणि समोर छापील भावाचं बिल आलं.

"हात दाबलास ना माझा?" काशिनाथने विचारलं.

"काका, तो तर मी शेकहँड केला."

काशिनाथने पैशाची पिशवी उचलली आणि परत आला. ओट्यावर बसून मला म्हणाला, "वहिनी, हात देऊन फिरला तो. बैलबाजारात असता तर त्याला कोणी पाणी दिला नसता." मी म्हटलं, त्या माणसाला तुझ्या टॉवेलाचं काय ठाऊक? तो म्हणाला, "ठाऊक नाय तर हात घालायचा कशाला?" त्या शोरूमचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं त्याने ठरवलं. भागाआयचा नारळ परत फळीवर गेला.

पुढच्या वर्षीच्या पितृपक्षात, षष्ठीच्या सकाळी, द्वारकाच्या भावाचा फोन आला. म्हातारीने अन्न सोडलं होतं. बोलते, पण पडून असते. द्वारका फोन ठेवून उठली, भिंतीला धरून धरून काशिनाथसमोर आली.

"गाडी आणा," ती म्हणाली.

"आता पितरं हाय."

"मला दिसतंय काय हाय ते. गाडी आणा."

म्हणजे नऊ वर्षं तो जे मागत होता ते त्याला मिळालं. पितृपक्ष होता, बायको तयार होती, शोरूम रिकामं असणार होतं. मी म्हटलं, आज भाड्याच्या गाडीने जा, गाडी मागून घ्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही वाईट बोलल्यासारखं. द्वारका म्हणाली, "तिने नारळ ठेवलाय वहिनी."

काशिनाथ कल्याणला त्याच शोरूममध्ये गेला, कारण तिथे गाड्या उभ्या असतात. पुन्हा मला नेलं. टायवाला तोच, जरा जाड झालेला. लाल गाडी यायला महिना लागेल, म्हणाला. आज लगेच मिळण्यासारखी एकच, पांढरी, कोणा हॉटेलवाल्याने बुक करून मग पितृपक्ष म्हणून सोडलेली.

"ही द्या," काशिनाथ म्हणाला. "लवकरात लवकर द्या."

तो भोवती फिरला नाही. बॉनेट उघडलं नाही. टायवाला स्वतःहून म्हणाला, काका, या दिवसांत थोडं कमी होतं, साहेबांना विचारतो, पण साहेब उद्या येतील. काशिनाथ म्हणाला, "उद्या नको." कागदावर होता तो भाव दिला. टॉवेल खांद्यावर होता, तो खाली आलाच नाही. परत न्यायची पाळी आली की विकणारा घाईला येतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. घेणारा घाईला आला की काय होतं, ते त्या दिवशी मी पाहिलं.

नंबर आणि कागद व्हायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस द्वारका फोन मांडीवर घेऊन बसली होती. चौथ्या दिवशी आम्ही निघालो. हार नाही, कुंकू नाही, पांढरी गाडी. काशिनाथ चालवत होता, द्वारका पुढे, मी मागे. तो गाडी बैलगाडीसारखी चालवायचा. चढ आला की पुढे झुकून बसायचा, गाडीला ओढायला सोपं जावं म्हणून. मुरबाडपर्यंत दोन सायकलवाले आमच्या पुढे गेले.

गाडी अंगणात गेली तर भागाआयला खाटेसकट ओट्यावर आणून ठेवलेलं. आवाज ऐकून ती उठून बसली. तोंड मात्र तिने भलतीकडेच केलं, गोठ्याकडे. तेव्हा आम्हाला कळलं. फोनवर ती म्हणायची, जरा अंधुक दिसतंय. अंधुक कुठलं, तिला काहीच दिसत नव्हतं. भाऊ म्हणाला, वर्ष झालं, तुला सांगू नको म्हणाली.

दोघांनी धरून तिला गाडीजवळ नेलं. तिने बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा फिरवला.

"गरम हाय," म्हणाली. "लांबून आलाय."

मग नारळ मागितला. भाऊ कुरकुरला, पितरांत नारळ फोडू नये. म्हातारी म्हणाली, "तू गप रे. माझी पितरं मला काय बोलणार? चार दिवसांत मी त्यांच्यातच बसणार हाय." नारळ वाजत होता. तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून काशिनाथने तिचा हात धरून तो पुढच्या चाकापाशी दगडावर आपटला. आत पाण्याचा थेंब नव्हता, खोबरं सुटून गोटा झाला होता.

"रंग कोणता काढलास गो?" तिने विचारलं.

द्वारका म्हणाली, "लाल."

म्हातारीने मान वळवली, काशिनाथच्या बाजूला. मुलीवर तिचा विश्वास नसावा. "जावईबापू, लाल हाय?"

मी काशिनाथकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून नारळाची कवटी होती. तो गाडीकडे बघत होता.

"लाल हाय, आय," तो म्हणाला.

"मंग बरा," म्हातारी म्हणाली. "पण एवढा टाइम लावलात, तर मोठी तरी घ्यायची."

नवमीच्या दिवशी आम्ही गेलो, आणि अमावास्येला ती गेली.

दसरा झाला. दिवाळीच्या आठवड्यात काशिनाथची गाडी अंगणातून नाहीशी झाली. मला वाटलं विकली. ती शहापूरला रंगाच्या गॅरेजमध्ये होती. दिवाळीत त्या लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि भाव म्हणाल तर तोंडाला येईल तो. मी म्हटलं, भावजी, पौषात केलं असतं तर निम्म्यात झालं असतं. तो म्हणाला, "आयला सांगून झालाय वहिनी." बस्स, एवढंच. रंग बदलला की सरकारी कागदही बदलावा लागतो, त्यासाठी त्याने कल्याणला तीन हेलपाटे घातले. द्वारका या वेळी त्याच्याशी बोलत होती.

पौष लागला आणि म्हसाची जत्रा भरायच्या आत काशिनाथ गेला. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत राहिला नाही. दवाखान्यात न्यायला गाडी दारातच होती, पण चालवणारा तोच एकटा.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी फाट्यावर मुरबाडच्या एसटीची वाट बघत उभी होते. लाल गाडी हळूहळू आली आणि थांबली. काशिनाथने आतून हात लांब करून दार उघडलं. बाहेरून गाडी लालभडक, पण दार उघडल्यावर आतली कड दिसली. ती पांढरीच होती. गॅरेजवाल्याने तेवढं सोडलं होतं.

"आतून पांढरी राहिली," मी म्हटलं.

त्याने कडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा वहिनी," तो म्हणाला. "दार लावलात का दिसत नाय."

मी बसले आणि दार लावलं.